तुलनेचा गट

पहिल्या वर्षी आम्ही सोप्या वाटेनं गेलो.
जनता वसाहतीच्या पायथ्याशी महापालिकेची शाळा,
चारनंतर वाचनवर्ग. ज्यांना यायचं ती आली.
न आलेल्यांतून मी जोड्या लावल्या,
वधूवर सूचक मंडळाच्या निष्ठेनं:
आई सातवी, इकडेही सातवी,
घरात नळ, इकडेही नळ,
वडील रिक्षा, वडील रिक्षा.
छत्तीसच्या छत्तीस जुळले.
मार्चमध्ये वर्गातली मुलं अकरा गुणांनी पुढे निघाली
आणि ऑफिसात कोणीतरी आंबा बर्फी आणली.

शिरोळकर मॅडमनी बर्फी घेतली नाही.
म्हणाल्या, प्रणोती खिलारेला वर्गाला कोण सोडतं?
आई. दोन घरची भांडी ठेवून येते.
आणि तिच्या जोडीला लावलेल्या मुलीला?
मी कागद चाळला. सातवी, नळ, रिक्षा.
कोण सोडतं, असा रकानाच नव्हता.
"मग या अकरातले वर्गाचे किती,
आणि त्या बाईच्या झिजलेल्या चपलांचे किती?"

दुसऱ्या वर्षी नानकटाईचा डबा आणला.
कॅम्पातल्या बेकरीचा; झाकण उघडलं की अजून तुपाचा वास.
एकशे चाळीस नावं, सत्तर जागा.
बागवान बाईंनी चिठ्ठ्या काढायला साफ नकार दिला.
"माझ्या वर्गात कोणाला वाचता येत नाही
ते मला माहितेय. डब्याला काय माहिती?"
खरंच होतं ते.
मी म्हटलं, जागा सत्तरच आहेत, बाई,
कोणाला तरी नाही म्हणावंच लागणार,
तर निदान ओळखीवरून नको, पुढच्या बाकावरून नको.
त्या म्हणाल्या, हे तुम्हीच सांगा पालकांना.
सांगितलं.
मागून एक बाप बोलला, म्हणजे म्हाडाच्या सोडतीसारखं ना?
आमचं तिथंही लागलं नाही.

डबा कोणाचा मामा नव्हता.
पायपीट करणाऱ्या आया दोन्हीकडे वाटल्या गेल्या,
न येणाऱ्याही,
रात्रीचे आवाज, चष्म्याचे न लागलेले नंबर,
मला कधी सुचलेच नसते ते सगळे रकाने
शिपायाच्या दोन बोटांनी निम्मे-निम्मे केले.
मुबीना तांबोळी डब्यातच राहिली.

नोव्हेंबरात पाहणीला गेलो.
आत जोडाक्षरं चालू होती.
खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, मुबीना.
वही नाही, पेन्सिल नाही, फक्त ओठ.
आतून प्रकाश आला की बाहेर जरा उशिरानं प्रकाश,
आतून ग्रहण, बाहेर ग्रहण.
आमच्या नियमावलीत याला झिरपणं म्हणतात
आणि उपाय दिलाय: खिडकी बंद ठेवावी.
मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीशी गेल्या.
कडीला हात लावला नाही.
तिथंच उभ्या राहून
होत्या त्याहून मोठ्या आवाजात शिकवत राहिल्या.

या मार्चमध्ये फरक आला तीन गुणांचा.
बर्फी नव्हती.
देणगीदारांचा फोन: मागचे आठ गेले कुठे?
आठ कुठेच गेले नाहीत, साहेब,
ते वर्गाच्या आधीपासून होते,
कोणाच्या तरी घरी, चुलीपाशी, अभ्यासाला बस म्हणत.
अकरा खोटे नव्हते. फक्त आमचे नव्हते.
आणि तीन?
तळटीप लिहिली: तुलनेच्या गटातील एका मुलीला
कार्यक्रमाचा अंशतः लाभ झाला असावा.
मॅडमनी विचारलं, एकाच?
कट्ट्यावर पाच जणी बसतील एवढी जागा होती.
मी रोज गेलो नव्हतो.

चिठ्ठीनं जिथं टाकलं तिथंच मोजायचं, हा नियम.
मग मी तसंच भरलं, निळ्या पेनानं:
मुबीना तांबोळी. गट, तुलना.
वाचन, संपूर्ण परिच्छेद.
अडखळली एकदा,
"त्र्यंबक"ला.